वाचकांचे प्रश्न : आईचे केस, आईचे कपडे

मागील अंकात चाळिशीनंतरच्या केशरचनेविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर केसांची निगा कशी राखावी हे विचारणारी पत्रे येतील, अशी आमची अपेक्षा होती. आलेल्या पत्रांचा सूर निराळाच निघाला. आई झालेल्या बाईने कसे दिसावे हे ठरवायचे कोणी, याच प्रश्नाभोवती बहुतेक पत्रे फिरत होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून एका जाहिरात संस्थेत काम करते. गेल्या दिवाळीनंतर मी डाव्या बाजूचे केस मशीनने अगदी बारीक करून घेतले आणि उरलेल्या केसांना निळा रंग लावला. कपड्यांतही मला प्रयोग आवडतात. सासूबाईंच्या ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या, त्यांच्या आईच्या इरकली लुगड्याची मी धोती पँट शिवून घेतली आणि नवऱ्याच्या जुन्या पांढऱ्या शर्टाबरोबर ती घालते. ऑफिसात कौतुक होते. मात्र चौथीतल्या मुलाने परवा सांगितले, की पालक सभेला तू येऊ नकोस, बाबांना पाठव. वर्गातल्या मुलांनी त्याला ‘तुझी मम्मी आजारी आहे का?’ असे विचारले होते. सासूबाई म्हणतात, ‘पोर पदरात पडले की बाईने नखरे आवरते घ्यावेत.’ मी स्वार्थी आहे का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : सर्वांत आधी मुलाचे बोलणे नीट पाहू, कारण तुमच्या पत्रात ते ओझरते येऊन जाते आणि सासूबाईंचे वाक्य मात्र ठसठशीत उरते. ‘तुझी मम्मी आजारी आहे का?’ या प्रश्नात टिंगल आहेच असे नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी बाईच्या डोक्यावरचे केस गेलेले पाहिले असतील, तर ते बहुधा एखाद्या नातेवाईक बाईच्या कॅन्सरवरील उपचारांत किंवा तिरुपतीच्या नवसानंतर. हौस हे तिसरे कारण असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तुमच्या मुलाला त्या प्रश्नाने लाज वाटली असेल, तशी क्षणभर भीतीही वाटली असेल, आणि उत्तरादाखल बोलायला काहीच हाताशी नसल्यामुळे त्याने आपल्या बुद्धीने सर्वांत सोपा मार्ग काढला. तेव्हा पहिले काम त्याला एक उत्तर देण्याचे आहे. ‘आईला आवडतात म्हणून तिने केस असे कापले, ती एकदम ठणठणीत आहे,’ एवढे त्या वयाला पुरते. त्यावर स्त्रीस्वातंत्र्याचे लांबलचक विवेचन चढवण्याची गरज नाही; ते तो मोठा झाल्यावर वाचेल किंवा वाचणार नाही.

पालक सभेला तुम्ही जा. बाबांनाही बरोबर न्या, पण तुमच्या ऐवजी नको. मुलाचा संकोच ऐकून घेणे वेगळे आणि आईने घराबाहेर कोणत्या रूपात पडावे याचा नकाराधिकार त्याच्या हाती देणे वेगळे. आज केसांवरून माघार घेतलीत, तर उद्या तुमचे इंग्रजी उच्चार त्याला खटकतील, परवा तुमचे मोठ्याने हसणे खटकेल. मुलांच्या लाजेला विषयांचा तोटा नसतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी तर नीटनेटका अंबाडा घालून साडीत येणाऱ्या आईचीही मुलांना लाज वाटते, हे कोणत्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहावे.

तरीही मुलाचे दोन हक्क मी मान्य करीन. एक, पूर्वसूचनेचा. पुढच्या वेळी रंग किंवा कापणी बदलणार असाल, तर त्याला आदल्या दिवशी सांगा, जमल्यास बरोबर न्या. दार उघडणारी आई एकाएकी अनोळखी दिसणे लहान मुलाला सुखाचे नसते. दुसरा, तुमच्या हौसेचा प्रचारक न होण्याचा. निळ्या केसांच्या आईबरोबरचे त्याचे छायाचित्र त्याला न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नका. वेगळे दिसण्याचे धाडस तुम्ही केले आहे. त्याने ते अजून केलेले नाही आणि कदाचित करणारही नाही.

आता सासूबाई. तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला असे वाटू लागले, की त्यांचा राग केसांवर जितका दिसतो तितका तो केसांवर नाही. त्यांच्या आईच्या लुगड्याला तुम्ही कात्री लावलीत, आणि ट्रंकेत ‘पडून असलेले’ असे त्याचे वर्णनही करता. ट्रंकेत नीट घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून जपलेल्या वस्तूला पडून असलेली म्हणत नाहीत. कापण्यापूर्वी तुम्ही त्यांना विचारले होते की नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. विचारले नसेल, तर त्याबद्दल त्यांची स्वतंत्रपणे माफी मागा. ‘नखरे’ हा शब्द त्यानंतर आपोआप कमी ऐकू येईल, असा माझा अंदाज आहे. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटरचे असते आणि धोती पँटला अडीच-तीन मीटर पुरतात, त्यामुळे लाल-पांढरा रेशमी पदर आणि बरेचसे काठ अजून शाबूत असतील. त्या पदराचे काय करायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.

मात्र आई झाल्यावर नखरे आवरते घ्यावेत, हे त्यांचे मूळ म्हणणे मला मान्य नाही, आणि त्यासाठी पुरावा बाहेरून आणावा लागत नाही, तो याच शहरात आहे. १८६० च्या दशकात मुंबईत राहायला आलेल्या, रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी येथील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत पाहून स्वतःची नवी रीत बसवली आणि ती बंगालात नेली. आज जी आपल्याला साडी नेसण्याची अगदी सोज्वळ, भारतीय पद्धत वाटते, तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे. मराठी घरांत नऊवारी सोडून पाचवारी गोल साडी नेसणाऱ्या पहिल्या पिढीला टोमणे ऐकावे लागले. काष्टा नाही म्हणून सोवळ्यात चालत नाही, अशी तक्रार तर कित्येक घरांत दीर्घकाळ होती. त्याच काळात बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीभूमिकांत जे शालू नेसत आणि ज्या तऱ्हेने गजरे माळत, त्यांचे अनुकरण घरंदाज आयाबाया हौसेने करीत होत्या. बाईने कसे सजावे याचा धडा एका पुरुषाकडून घेतला गेला आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पुढे १९६० साली अभिनेत्री साधना यांच्या कपाळावरच्या झुलपांनी तरुण मुलींना वेड लावले. त्या साधना कटवाल्या मुली आज आज्या आहेत. सासूबाईंच्या पिढीतली एखादी त्यांत निघाली, तर आश्चर्य वाटायला नको.

इरावती कर्वे यांचे उदाहरण पुण्याचे आहे, पण ते येथे द्यावेसे वाटते. तीन मुलांची आई असलेल्या या विदुषी कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत आणि १९५० च्या दशकात पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवत. त्यांच्या आईपणात त्यामुळे काही उणे पडले, असे मला वाटत नाही.

स्वार्थाविषयी तुम्ही विचारलेत. केसांसाठी महिन्यातून दोन तास आणि काही पैसे स्वतःवर खर्च करणाऱ्या बाईला स्वार्थी म्हणायचे असेल, तर दर रविवारी क्रिकेट खेळायला जाणाऱ्या तिच्या नवऱ्यासाठीही तोच शब्द वापरावा लागेल, आणि तो कोणी वापरत नाही.

प्रश्न : माझे वय ३२. वडील चार वर्षांपूर्वी वारले. आई ५८ वर्षांची असून डबे करून देते. मागच्या उन्हाळ्यात तिने केस बॉयकट केले. ती आता फुलाफुलांचे शर्ट आणि सैल पँट घालते, आणि त्यावर मोठी टिकली व नाकात चमकी. माझे लग्न ठरत आहे आणि साताऱ्याहून मुलीकडचे लोक बैठकीला येणार आहेत. मामा म्हणतात, त्या दिवशी आईला फिकी साडी नेसायला आणि डोक्यावर पदर घ्यायला सांग, टिकलीही नको. आईला हे कसे सांगावे? — एक वाचक, परळ

उत्तर : सांगू नका.

तुमच्या मामांना शर्टाची अडचण आहे असे वरवर दिसते. पण फिकी साडी, डोक्यावर पदर आणि टिकली नको, या तीन सूचना एकत्र वाचल्या की त्या विधवेला दिलेल्या सूचना आहेत, हे उघड होते. आई सवाष्ण असती आणि अशीच शर्टात वावरली असती, तर मामांनी फार तर ‘जरा बरी साडी नेस’ एवढेच म्हटले असते. म्हणून या प्रश्नाकडे फॅशनचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

विधवेच्या केसांशी या शहराचा जुना संबंध आहे. एकेकाळी नवरा गेला की बाईचे केशवपन केले जाई, आणि ते तिला विचारून होत नसे. १८९० मध्ये सत्यशोधक कार्यकर्ते व कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतच नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निर्धार तेथे झाला. ज्यांचा त्या कामावर पोटापाण्याचा हिशेब होता, त्यांनी तो सोडून हे केले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले होते, आणि तेथे विधवांना शिकता येत असे. कपाळाचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव मात्र कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेला मे २०२२ मध्ये करावा लागला, आणि त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. म्हणजे तुमच्या मामांचे मत अपवादात्मक नाही. ते अजून बऱ्याच घरांत शाबूत आहे, आणि म्हणूनच त्याला आईने एकटीने तोंड देणे योग्य नाही. मामांशी तुम्ही बोला. आई त्यांची धाकटी बहीण असेल, तर तिने बोलणे अधिकच अवघड.

आईने केस का कापले असतील, याचे साधे कारणही असू शकते. रोज सकाळी चार शेगड्यांसमोर उभ्या राहणाऱ्या, रजोनिवृत्तीच्या वयातल्या बाईला मे महिन्यात मानेवरचा अंबाडा नकोसा होतो, आणि डब्यात केस निघाला की गिऱ्हाईक तुटते. तसे काहीच नसेल आणि तिला ते केवळ आवडले असेल, तरी माझे उत्तर तेच राहील.

बैठकीला ती काय घालणार, हे तिला जरूर विचारा. पण विचारताना उत्तर आधी ठरवू नका. कदाचित ती स्वतःहून पैठणी काढेल. कदाचित इस्त्री केलेला शर्टच घालेल. साताऱ्याची मंडळी पुढे परळला येतील तेव्हा त्यांना डोक्यावर पदर घेतलेली बाई भेटणार नाही, हेही लक्षात घ्या. पहिल्या दिवशी दाखवलेले रूप वर्षभर टिकवायचे काम मग आईवर पडते.

शर्टापेक्षा तुम्ही लग्नाच्या विधींकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. मुहूर्तमेढ, घाणा भरणे, हळद, या सगळ्यांत ‘पाच सुवासिनी’ म्हटले की मुलाची आई हळूच बाजूला होते, आणि तिला कोणी बाजूला हो म्हटलेलेही नसते. गुरुजींना आधी भेटून आई प्रत्येक विधीत बसणार आहे, असे स्पष्ट सांगून ठेवा. अनेक गुरुजी आता त्यास हरकत घेत नाहीत. घेतली, तर दुसरे गुरुजी शोधायला वेळ हाताशी राहील एवढ्या लवकर जा.

प्रश्न : माझे बाळ चार महिन्यांचे आहे. केस मूठमूठ गळत आहेत. सगळे बारीक कापून त्यांना जांभळा रंग द्यावा असे मनात आहे. अंगावर पाजत असताना हे चालेल का? घरात सगळे घाबरवतात. — एक वाचक, दहिसर

उत्तर : बाळ ओळख धरू लागले की आईचे केस गळतात, असे जुन्या बायका म्हणत. दोष अर्थातच बाळाचा नाही, पण काळ त्यांनी बरोबर टिपला होता. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस नेहमीपेक्षा जास्त काळ वाढीच्या अवस्थेत राहतात. प्रसूतीनंतर ती संप्रेरके उतरली की राहून गेलेले केस दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. बहुतेकींचे केस बाळ वर्षाचे होईपर्यंत पूर्ववत होतात. वर्षानंतरही गळती थांबली नाही, तर रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

रंगाचा अगदी थोडा अंश डोक्याच्या त्वचेतून शरीरात शोषला जातो, त्यामुळे स्तनपानाच्या काळात केस रंगवणे सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. तरीही तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. खरा धोका ॲलर्जीचा आहे. टिकाऊ गडद रंगांत आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीतही पीपीडी नावाचे रसायन असते, आणि त्याने काहींच्या डोक्याला व चेहऱ्याला भयंकर सूज येते. म्हणून कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी, मगच पुढे जावे. पार्लरमध्ये घाई करू लागले तर उठून यावे. जांभळा रंग आपल्या काळ्या केसांवर तसा दिसत नाही, त्यासाठी आधी ब्लीच करावे लागते, आणि गळतीच्या दिवसांत ब्लीच केलेले केस फार तुटतात. तेव्हा आत्ता कापून घ्या आणि रंगाला काही महिने थांबा. असे रंग प्रत्येक धुण्याबरोबर उतरतात, आणि मुंबईच्या घामात व पावसात तर ते उशीच्या अभ्र्यावर आणि बाळाच्या झबल्यावरही उतरतात, एवढी तयारी ठेवावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीने फलकावर सूचना लावली आहे, की महिलांनी लिफ्टमध्ये व आवारात गाऊन किंवा शॉर्ट्स घालू नयेत. मी दोन महाविद्यालयीन मुलांची आई आहे आणि पहाटे शॉर्ट्स घालून चालायला जाते. समितीला असा अधिकार आहे का? — एक वाचक, गोरेगाव

उत्तर : समितीचे काम इमारतीची देखभाल, हिशेब आणि वर्गणी हे आहे; सभासदाने काय घालावे हे ठरवणे त्यात बसत नाही. ही सूचना कोणत्या उपविधीनुसार आणि कोणत्या सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार लावली, असे समितीला लेखी विचारा व पोच घ्या. बहुधा एवढ्यावरच कागद उतरेल. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या २०१४ च्या नालसा निकालात माणसाची वेशभूषा हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानलेला आहे, याचाही उल्लेख पत्रात करता येईल. तो निकाल सोसायटीविरुद्ध थेट लागू होईलच असे नाही, परंतु सचिवांना विचार करायला लावण्यापुरते त्याचे वजन निश्चित आहे.

गंमत अशी, की गाऊन हा मुंबईतल्या आयांनी स्वतःच्या सोयीने घडवलेला पोशाख आहे. झोपण्यासाठी म्हणून आलेला हा कपडा चाळींच्या गॅलरीत, नळावर, आणि खांद्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकला की थेट भाजीवाल्यापर्यंत पोहोचला. २०१४ मध्ये नवी मुंबईतील गोठिवली येथे महिला मंडळानेच दिवसा गाऊन घालून बाहेर पडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरवला होता. बायकांच्या कपड्यांवर पहारा ठेवायला नेहमी पुरुषच लागतात असे नाही. तुमच्या समितीतही ही सूचना कोणी मांडली, ते पाहावे.

एखाद्या ठिकाणचा उघडपणे जाहीर केलेला नियम मात्र वेगळ्या मापाने मोजावा. सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये भाविकांनी अंगभर कपडे घालून यावे असे जाहीर केले; तो नियम पटो वा न पटो, तेथे जायचे की नाही हा निर्णय आपल्या हाती असतो. स्वतःच्या घराची लिफ्ट टाळता येत नाही.

प्रश्न : मी ६६ वर्षांची. रोज सकाळी शिवाजी पार्कला साडीवर स्पोर्ट्स शूज घालून चालते. मुलगी म्हणते, ‘आई, कार्टून दिसतेस.’ ते असू दे. मला परकराला खिसा हवा आहे, पण आमचा शिंपी नाही म्हणतो. कसा शिवून घ्यावा? — एक वाचक, दादर

उत्तर : बाजूच्या शिवणीत दिलेला खिसा साडीच्या आड जातो आणि चारचौघांत त्यात हात घालता येत नाही, शिंपी याच कारणाने नाही म्हणत असावा. खिशाचे तोंड नेफ्याला अगदी लागून, वर ठेवायला सांगा, म्हणजे निऱ्या न विस्कटता वरूनच हात आत जातो. जागा डाव्या कमरेशी, पदराच्या आड असावी. तोंड पाच इंच आणि खोली आठ इंच ठेवून वर चेन लावून घ्या. परकर पॉपलिनचा हवा. सॅटिनचा परकर फोनच्या वजनाने एका बाजूला ओघळतो. त्याच कारणासाठी बारीक नाडीऐवजी दीड इंच रुंद पट्टी घालावी. बुटांवर साडी नेसताना ती नेहमीपेक्षा दोन बोटे वर घ्या, नाहीतर फॉल बुटाच्या लेसमध्ये अडकतो. शिंप्याकडे जाताना माप घेण्यासाठी फोन कव्हरसकट न्या.